माळकऱ्याच्या डोक्यातला जंत

मी काट्यावर पडलो तेव्हा गाडीत केळी भरून झाली होती, फक्त वजन व्हायचं बाकी होतं. भरलेला ट्रक वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर चढवणं हे काही मोठं काम नाही, मी ते बोलता बोलता करतो. गाडी फळीवर घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि डावा हात आपोआप नाचायला लागला. माझाच हात, पण माझं ऐकेना. उजव्या हाताने त्याला दाबून धरायला गेलो, एवढंच आठवतं.

पुढचं लोकांनी सांगितलं. मी म्हणे केबिनमधून धपकन खाली आलो, डोळे पांढरे केले, हातपाय झाडले, तोंडातून फेस काढला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. एका शहाण्याने दातखिळी बसू नये म्हणून माझ्या तोंडात पान्ह्याचा दांडा घातला आणि समोरचा एक दात पाडला. शुद्धीवर आलो तर तोंडात रक्त आणि ऑइल यांची चव. लोक घाबरून बघत होते आणि मी जमिनीवर दात शोधत होतो.

धक्का नंतर बसला. काट्यावरून गाडी उतरली की पुढे थेट महामार्ग. हँडब्रेक ओढल्यावर झालं ते चौथ्या गिअरमध्ये झालं असतं तर? समोरून येणाऱ्या कुण्या बापड्याची मोटारसायकल, मागे बसलेली बायको, टाकीवर पोर. इतकी वर्षं रावेर-मुक्ताईनगरच्या पट्ट्यातली केळी मी दिल्लीला आणि त्याच्याही पुढे नेतो, गाडीला ओरखडा आला असेल पण माणसाला नाही. स्टेअरिंग म्हणजे माझी लाज, माझं नाव, सगळं तेच. ते सुटलं तर मी घरात बसून काय करू, माशा मारू?

आता माझं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ वडिलांनी घातली, तेव्हापासून मांस-मच्छी सोडाच, अंडं घातलेला केकसुद्धा तोंडात गेला नाही. ड्रायव्हर लोकांत असा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. सगळे मला बुवा म्हणतात. धाब्यावर सगळ्यांच्या गाड्या लागतात, आत कोंबड्या शिजतात, आणि हा बुवा बाहेर टायरच्या आडोशाला स्वतःचा स्टोव्ह पेटवून खिचडी टाकतो. पहिले एक-दोन दिवस तर तेही नाही. बायको निघताना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा, दाण्याची चटणी बांधून द्यायची. पाण्याचा कॅनसुद्धा घरचा. मी अभिमानाने सांगायचो, आपल्या पोटात दोनच हातांचं जातं, एक माझा आणि एक माझ्या बायकोचा.

आणि घरी आलो की घोळाणा. आमच्या खान्देशातल्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. कोवळी मेथी कच्चीच चिरायची, त्यात दाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल, आणि हाताने घोळायची. चमच्याने कालवला तर तो घोळाणा नव्हे, बोटं लागायला हवीत. माझ्या बायकोच्या हाताला जी चव होती ती कुणाच्या नाही. मी गाडीवरून उतरलो की आंघोळीआधी तिला मेथी निवडायला बसवायचो. ती धुळ्याकडची, शिरपूरजवळच्या गावातली. तिच्या अहिराणीची मी खूप टिंगल केली, पण तिच्या घोळाण्याची कधी केली नाही.

तर, मला जळगावला नेलं. सोबत बायको. डोक्याचा फोटो काढायचा म्हणून एका बोगद्यासारख्या यंत्रात मला सरकवलं, आत नुसता ठोकाठोकीचा आवाज, गॅरेजमध्ये पत्रा ठोकतात तसा. बाहेर आल्यावर मला वाटत होतं की गाठ निघणार. आमच्या गल्लीत एकाला डोक्यात गाठ निघाली होती आणि तो पुढची पोळा-दिवाळी बघू शकला नव्हता. मी मनातल्या मनात मुलीच्या कॉलेजचं काय, घराचं काय, सगळं मांडून मोकळा झालो होतो.

मेंदूची डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या आतली बाई, चष्म्यातून शांत बघणारी. तिने काचेच्या उजेडावर फोटो लावला, त्यातल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, घाबरू नका, कॅन्सर नाही. हा जंत आहे."

मला वाटलं ती चेष्टा करते. जंत पोटात होतात, लहान पोरांना होतात, गुळात गोळी घालून देतात. डोक्यात जंत? तिने समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना माझ्या अंगावर असा काटा आला की तो आजही मधूनच येतो. डुकराचं मांस अर्धकच्चं खाल्लं की एक चपटा, पट्टीसारखा लांबच लांब जंत माणसाच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. आणि ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या रक्तातून पिल्लं फिरत फिरत मेंदूत जाऊन घर करतात. मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो, आणि त्याच्या हाताची घाण ज्याच्या ताटात जाते त्याच्या डोक्यात होतो. ते डोक्यातलं पिल्लू मरायला लागलं की सूज येते आणि झटका येतो.

साध्या मराठीत सांगायचं तर कुणाची तरी विष्ठा माझ्या पोटात गेली होती. धाब्यावरच्या ताटाला शिवत नाही त्या माझ्या. मला तिथेच तोंड धुवावंसं वाटलं. मी माळ हातात धरून डॉक्टर मॅडमना दाखवली, म्हणालो की हे काय आहे ते बघा, फोटो दुसऱ्याचा असेल. त्या म्हणाल्या की फोटो माझाच आहे आणि शाकाहारी माणसांना हा आजार नेहमी होतो, यात माणसाचा दोष नाही.

मग मी मुद्द्याचं विचारलं. गाडी कधी चालवू?

त्या म्हणाल्या, आधी गोळ्या, मग पुन्हा फोटो, मग बराच काळ झटका आला नाही तर बघू. तोवर ट्रक सोडा, सायकलवरसुद्धा बसायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, विस्तवाजवळ एकट्याने बसायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करून आणायची.

हे ऐकल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात तपासणी? ज्या घरात अंड्याचं टरफल आलं नाही तिथे डुकराचा जंत शोधायचा? मी आवाज चढवला, बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून बघायला लागले. मी म्हणालो, मी बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही. डॉक्टर मॅडमनी जराही आवाज न चढवता मला माझ्याच शब्दांत अडकवलं. "भाऊ, बाहेरचं काहीच खात नाही म्हणता. मग घरातच बघायला नको का?"

मी आणखी चिडलो. बायको शेजारी बसली होती. तिचा चेहरा असा उतरला होता की वाटलं, बिचारी माझ्या काळजीने खंगली. मी तिला म्हणालो, चल, ऊठ, यांना काही कळत नाही. तपासणीच्या डब्या मी बाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. गोळ्या तेवढ्या बायकोने घेऊन ठेवल्या.

घरी आलो आणि माझा शोध सुरू झाला. जंत आला असेलच तर बाहेरून आला असणार. डॉक्टर मॅडम बोलता बोलता म्हणाल्या होत्या की नाल्याच्या पाण्यावरची भाजी कच्ची खाल्ली तरी होऊ शकतं. बास, मला आरोपी सापडला. आठवडी बाजारात एक मावशी बसते, आमची मेथी कायम तिच्याकडची. मी भर बाजारात तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि ही मेथी कोणत्या गटारावर पिकवतेस म्हणून विचारलं. शब्दाने शब्द वाढला. माणसं जमली. तिने हातातली जुडी गोणपाटावर आपटली आणि म्हणाली की चल माझ्या शेतात, डोळ्यांनी बघ. मीही हट्टाला पेटलो, एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. बोअरचं पाणी, ठिबकच्या नळ्या, आसपास नाला औषधालाही नाही. मावशीच्या म्हाताऱ्याने मला तेच पाणी तांब्यात भरून प्यायला दिलं. मी प्यायलो आणि खाली मान घालून परत आलो. मावशीने पुन्हा आम्हाला मेथी दिली नाही.

तशी ती लागतही नव्हती. बायकोने घोळाणा करणंच सोडलं होतं. एवढंच नाही, ती हात धूत राहायची. साबण लावायची, धुवायची, पुन्हा लावायची. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, बोटांची टोकं लाल झालेली. मला भाकरी वाढायची तर चिमट्याने धरून. मी एकदा ताट सरकवून दिलं आणि विचारलं, मी काय इतका ओंगळ झालो? डोक्यात जंत म्हणून माझी किळस येते का तुला? ती उठून मोरीत गेली आणि पुन्हा हात धुवायला लागली. मला वाटलं, झालं, स्टेअरिंगही गेलं आणि बायकोही मनातून गेली.

त्याच सुमारास मी मनाशी निकाल लावून टाकला. मेथी चांगली, पाणी चांगलं, घर माळकऱ्याचं. म्हणजे जंत असूच शकत नाही. म्हणजे डॉक्टर चुकली. काट्यावर मला ऊन लागलं असेल, उपाशीपोटी होतो, आली चक्कर. मला हा हिशेब एवढा पटला की मी गोळ्या बंद केल्या. घेतल्यासारखं करायचो आणि परसात कण्हेरीच्या बुडाशी टाकायचो. बरेच दिवस काही झालं नाही आणि माझी छाती आणखी फुगली.

मग ज्यांच्या गाड्या मी चालवतो त्या शेठचा फोन आला. केळी भरून उभी आहे, ड्रायव्हर लग्नाला गेला, माल पिकतोय, तब्येत कशी आहे. मी म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास. मला फक्त चक्कर आली होती एवढंच त्यांना बिचाऱ्यांना माहीत होतं, कारण मी तेवढंच सांगितलं होतं. सकाळी जाऊन गाडी घेतली आणि डबा घ्यायला घरासमोर आणून उभी केली. कितीतरी दिवसांनी इंजिनचा आवाज अंगात गेला. मला रडू येईल की काय असं झालं. मी खालूनच ओरडून बायकोला सांगितलं की भाकरी बांध, दिल्लीला चाललोय.

तिला वाटलं होतं मी गोळ्या घेतोय. ती दारात आली, कोपरापर्यंत पीठ. म्हणाली, मॅडमनी सांगितलंय ना. मी म्हणालो, मॅडमला काय कळतं, मला काही झालेलंच नाही, गोळ्या तर कधीच कण्हेरीला घातल्या. आणि केबिनमध्ये चढून चावी फिरवली.

माझी बायको लग्न होऊन आल्यापासून कधी केबिनच्या पायरीवर चढली नव्हती. त्या दिवशी ती धावत आली, अनवाणी, पिठाच्या हातांनी दांडा धरून वर चढली आणि उघड्या दारात माझ्या तोंडासमोर उभी राहिली. एरवी माझ्यापुढे ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची. तेव्हा तिच्या तोंडून तिची स्वतःची बोली निघाली.

"जंत मन्हा पोटमा शे," ती म्हणाली. "मॅडम खरं सांगस. गाडी बंद करा."

मला आधी कळेचना. अर्थ कळत होता, तो डोक्यात शिरत नव्हता. जंत माझ्या पोटात आहे. तिच्या. माझ्या बायकोच्या. मी चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं, हे तेवढं हाताने आपलं आपण केलं.

घरात आल्यावर तिने सगळं सांगितलं, भिंतीकडे बघत. तिच्या माहेरी सगळं खातात. हे मला लग्नाच्या वेळी माहीत होतं, आणि लग्न ठरताना बोलणं झालं होतं की आमच्याकडे आल्यावर ते बंद. तिने आमच्या घरात ते पाळलं, कढईला कधी वास लागू दिला नाही. पण माहेरी गेली की पहिल्या दिवशी रस्सा. आई असताना आई करायची, मग भावजय. माहेरपण म्हणजे तिला तेच होतं. तिच्या माहेरची सगळी माणसं, लहान लहान पोरंसुद्धा, हे जाणून होती. मी जायचो तेव्हा भांडी घासूनपुसून वेगळी ठेवायचे, मला शेवभाजी आणि वरण-बट्टी करून वाढायचे, आदराने नाना म्हणत मागेपुढे करायचे, आणि मी माळेवर हात फिरवत त्यांना शाकाहाराचे फायदे सांगायचो. सगळ्यांनी तोंडं कशी सरळ ठेवली असतील देव जाणे.

एका मुक्कामात तिच्या भावाच्या मक्यात रानडुक्कर मारलं गेलं. शेतातच चूल मांडली, घाईत शिजवलं, बाहेर बोभाटा नको म्हणून. तिने खाल्लं. पुढे काही महिन्यांनी शौचाला बसली की पांढऱ्या चपट्या पट्ट्या पडायला लागल्या, दुधी भोपळ्याच्या बियांएवढ्या, आणि काही काही हलायच्या. हे सांगताना तिने पदर तोंडावर धरला. गावातल्या डॉक्टरला सांगावं तर तो विचारणार की काय खाल्लं होतं, आणि तो माझ्या ओळखीचा. शाळेतल्या पोरांना जंताची गोळी वाटतात, तशी एक गोळी तिने गावातल्या आशाताईकडून मागून घेतली. काही दिवस पट्ट्या पडल्या नाहीत. मग पुन्हा सुरू. ती गप्प बसली. माणसाच्या डोक्यात काही जाईल हे तिला काय ठाऊक. जळगावला मॅडमनी सांगितलं तेव्हा तिला कळलं की आपल्या नखातून ते माझ्या घोळाण्यात गेलं.

मी तिला विचारलं की एवढं झालं तरी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही मला माहेरी पाठवून दिलं असतं."

खोटं कशाला बोलू, पाठवलं असतं. त्या क्षणीसुद्धा माझ्या जिभेवर तेच आलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. जंताचा राग वेगळा, पण इतकी वर्षं सगळ्या सासुरवाडीने मिळून मला वेडा बनवलं, याचा राग जास्त होता. आणि त्याच्याही खाली एक भीती, की आता मॅडम खरी ठरली, म्हणजे डोक्यातला तो ठिपका खरा आहे, म्हणजे गाडी गेली. शेठला फोन केला आणि पहिल्यांदाच काय झालंय ते धडपणे सांगितलं. मग दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला, मी खिडकीतून बघत राहिलो.

जळगावला आम्ही बसने गेलो. तिघंही, कारण मुलीचीही तपासणी हवी होती. बायको आणि मुलगी पुढे बसल्या, मी सगळ्यात मागे. मुलीने मधून दोनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी बाहेर बघितलं.

मुलीची तपासणी चांगली आली. बायकोची नाही. डॉक्टर मॅडम मला गोळ्या टाकल्याबद्दल जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, माझ्या आईनेही मला कधी तसं झापलं नव्हतं. मी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की बायकोच्या पोटातला जंत एका औषधाने जाईल, पण त्याआधी तिच्याही डोक्याचा फोटो काढायचा. ज्याच्या पोटात जंत असतो त्याच्या स्वतःच्या हाताने अंडी स्वतःच्याही तोंडात जातात, आणि डोक्यात काही असताना ते औषध दिलं तर मोठी सूज येऊ शकते. मला ते उगाच वाटलं. तिला काही झटका आला नव्हता, ती ठणठणीत होती, उभी राहून रांधत होती. मला माझं पडलं होतं. माझाही फोटो पुन्हा काढायचा होता आणि मला तेवढंच ऐकायचं होतं, की ठिपका कमी झाला का आणि स्टेअरिंग कधी.

दोन्ही फोटो मॅडमनी उजेडावर शेजारी शेजारी लावले. डावीकडे माझा. तो ठिपका होताच, तेवढाच, एकटा. मॅडम म्हणाल्या, नशीब समजा, वाढलं नाही, आता नीट औषध घेतलं तर हा वाळून जाईल. माझा प्रश्न ओठावर आला होता.

मग मी उजवीकडे बघितलं आणि मला वाटलं की फोटो खराब आलाय. काचेवर कुणी खसखस सांडावी तसा तो सगळा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता. इकडे, तिकडे, मागे, कानाच्या वर, एक डाव्या डोळ्याच्या मागे. मी मॅडमना म्हणालो की हा पुसून पुन्हा लावा. त्यांनी पुसला नाही. त्या खुर्ची ओढून बायकोच्या समोर बसल्या.

मला एक होता. एका ठिपक्यासाठी मी बाजार डोक्यावर घेतला होता, घर डोक्यावर घेतलं होतं. आणि ही बाई ते सगळं डोक्यात घेऊन माझ्या भाकरी बांधत होती. मी भिंतीला टेकलो.

मॅडमनी तिला विचारलं, डोकं दुखतं का?

साधा प्रश्न. हो किंवा नाही. तिने उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघितला, की सांगू का, चालेल का. स्वतःचं डोकं दुखतं की नाही हे सांगायला. मुलगी माझ्याकडे बघत होती, मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, सांग.

मग ती बोलायला लागली, आणि थांबेना. दुखतं. कधीपासून ते आठवत नाही. सकाळी जास्त, म्हणून फडकं आवळून बांधून भाकरी करायची. शाळेची ती गोळी घेतली त्यानंतर तर आंधळं करून टाकेल असं दुखलं. डाव्या डोळ्याने हल्ली एकाचे दोन दिसतात, तांदूळ निवडता येत नाहीत, ते मुलीकडून करून घेते. आणि मोरीत दोनदा पडली. हात आपोआप हलायला लागला, मग काही आठवत नाही, जाग आली तर जीभ चावलेली आणि नळ वाहतोय. मुलगी कॉलेजला गेलेली असायची. तिने उठून फरशी धुतली आणि स्वयंपाकाला लागली. माझ्या काट्यावरच्या पडण्याचं ऐकलं तेव्हाच तिला कळलं होतं की हे तेच.

मुलीने तोंडावर हात ठेवला होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या की हिला आजच दाखल करू, आधी सूज उतरवायची, मग जपून, हळूहळू औषध, डोक्याचं बरं होईल, डोळ्याचं आत्ता सांगता येत नाही. आणि मग त्यांनी तिला विचारलं की मांसाचं नाही सांगितलं ते समजलं, पण मोरीत पडलीस हे नवऱ्याला का नाही सांगितलं.

"तेव्हा गाडी लाइनवर होती," ती म्हणाली. "यांचं लक्ष उडालं असतं."

मॅडमना ते कळलं नसावं. मला कळलं. ट्रकवाल्याच्या घरात हा नियम असतो. माणूस गाडीवर आहे तोवर घरातलं काहीही वाईट त्याच्या कानावर घालायचं नाही, कुणी आजारी असो, कुणी जावो, फोनवर सगळं छान आहे म्हणायचं, कारण त्याच्या हातात स्टेअरिंग असतं. लग्नानंतर मी पहिल्या फेरीला निघालो तेव्हा माझ्या आईने तिला शेजारी बसवून तो सांगितला होता, आणि तिने तो पाळला.